कच्छचा वालुकाश्म: वाळवंटाचा, नदीचा की समुद्राचा?

प्रश्न असा आहे: "दिवाळीत कच्छला गेलो होतो. भुजजवळ खारी नदीच्या घळीत पिवळट-तांबूस दगड पाहिला, त्यात तिरप्या रेघांचे पट्टेच्या पट्टे. मधूनमधून लोखंडी गंजासारखे काळपट थर. वाटाड्या म्हणाला, इथं पूर्वी वाळवंट होतं. पुढे लखपत तालुक्यात घुनेरीच्या बाजूला हिरवट दगड दिसला, त्यात बोटाएवढ्या जाड नळ्या. तिथला एक जण म्हणाला, हा समुद्राचा तळ. खरं कोणाचं? आणि वाळूचा एवढा जाड दगड किनाऱ्यावर तयार तरी कसा होतो?"

वाळवंटवाला चुकला. समुद्रवाला बरोबर, पण त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली. तुम्ही पाहिलेले दोन्ही दगड एकाच घरातले आहेत. भूवैज्ञानिक त्याला भुज शैलसमूह म्हणतात. वय आरंभीच्या क्रिटेशस काळातलं, म्हणजे ढोबळमानानं ११ ते १४ कोटी वर्षं. त्या वेळी भारत दक्षिण गोलार्धात होता, मादागास्करला चिकटलेला होता आणि कच्छ म्हणजे गोंडवना या प्राचीन महाखंडाला तडे जाताना खचलेली एक लांबट खोलगट जागा होती. पूर्वेकडून नद्या तिथं वाळू आणून टाकत होत्या आणि पश्चिमेला समुद्र होता. भुजच्या आसपास तुम्हाला जे दिसलं तो नदीचा हात, घुनेरीकडे दिसला तो समुद्राचा. मधल्या पट्ट्यात दोघांची रस्सीखेच, आणि ती रस्सीखेच म्हणजेच त्रिभुज प्रदेश.

वाटाड्याला फार दोष देऊ नका. तिरप्या रेघा दिसल्या की वाळवंट म्हणायची घाई मीही केली आहे. विद्यार्थी असताना याच कच्छमध्ये एका टेकडीच्या मध्यावर मला झकास तिरपे थर दिसले आणि मी वहीत ठसठशीत अक्षरांत "वाऱ्यानं आणलेली वाळू" असं लिहून टाकलं. सरांनी काही न बोलता भिंग हातात दिलं. दोन तिरप्या थरांच्या मधल्या फटीत चिखलाचा जेमतेम मिलिमीटरभर पापुद्रा होता आणि त्यात अभ्रकाचे चकाकणारे कण. वाऱ्यावर उडणाऱ्या वाळूत अभ्रक टिकत नाही. पातळ पत्र्यासारखं असल्यानं ते घासून-आपटून चुरा होतं आणि दूर उडून जातं. चिखलाचा पापुद्रा बसायला पाणी हवं, आणि तेही थोडा वेळ स्तब्ध. शिवाय त्याच थराच्या बुडाशी हरभऱ्याएवढे गारगोटीचे खडे होते. हरभऱ्याएवढा खडा वारा उचलत नाही. माझी टीप एका पापुद्र्यानं आणि मूठभर खड्यांनी खोडली.

तिरपे थर नेमके कशामुळे होतात ते आधी समजून घेऊ, कारण प्रश्नाची गाठ तिथंच आहे. पाणी असो की वारा, वाळू सरकते ती वळ्यांच्या किंवा उंचवट्यांच्या रूपात. प्रवाहाच्या बाजूनं कण उतारावर चढतात आणि पलीकडच्या तीव्र उतारावर घसरतात. धान्याच्या राशीवर वरून दाणे सोडत राहिलं की ते कडेनं घरंगळून एका ठरावीक कोनात थांबतात, तसंच. प्रत्येक घसरणीची एक तिरपी रेघ उरते आणि उंचवटा पुढे सरकत जातो. म्हणून रेघा ज्या दिशेला खाली झुकलेल्या असतील तिकडे प्रवाह वाहत होता. भुजच्या दगडात अशा शेकडो रेघांच्या दिशा मोजल्या की बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडे झुकलेल्या सापडतात. नद्या कुठून कुठं जात होत्या ते त्यावरून कळतं. पण रेघा केवळ आहेत म्हणून पाणी की वारा, नदी की समुद्र, याचा निकाल लागत नाही. त्यासाठी रेघांच्या मधलं, वरचं आणि खालचं बघावं लागतं.

आता किनाऱ्यावर वाळूचा दगड कसा होतो ते. नदी समुद्राला मिळते तेव्हा तिचा उतार संपतो, वेग मोडतो. ओझं घेऊन चालणाऱ्याच्या पायातली ताकद गेली की तो आधी सगळ्यात जड वस्तू खाली ठेवतो. नदीही तेच करते. भरड वाळू मुखापाशीच पडते आणि तिथं पाण्याखाली एक दांडा उभा राहतो. बारीक वाळू आणि पोयटा थोडा पुढे जातो. चिकणमाती सगळ्यात लांब जायला हवी, पण खाऱ्या पाण्यात तिचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि अपेक्षेपेक्षा लवकर तळाला बसतात. म्हणजे एकाच वेळी, एकाच पुरात, किनाऱ्यापाशी वाळू, थोडं पुढे पोयटा आणि खोल पाण्यात चिखल असे तीन पट्टे शेजारी शेजारी साचत असतात.

मग गंमत सुरू होते. नदी गाळ आणतच राहते, मुखाचा दांडा समुद्रात पुढे सरकतो आणि काल जिथं चिखल बसत होता तिथं आज पोयटा बसतो, उद्या वाळू. शेजारी शेजारी असलेले पट्टे एकमेकांच्या डोक्यावर चढतात. जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी १८९४ साली हाच नियम मांडला: उभ्या क्रमात अखंड एकावर एक दिसणारे थर मुळात एकाच काळी शेजारी शेजारी साचणारे होते. आमच्या धंद्यात यापेक्षा उपयोगी नियम मला माहीत नाही. टेकडीच्या पायथ्याशी करडा शेल (म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा दगड), त्यावर वाळू-चिखलाचे पातळ एकाआड एक थर, त्यावर जाडजूड वालुकाश्म आणि सगळ्यात वर पानांचे ठसे असलेला काळपट थर, असा क्रम दिसला तर तो पुढे सरकणारा त्रिभुज प्रदेश आहे असं समजायला हरकत नाही. खालून वर कण भरड होत जातात. नदीच्या पात्रात उलटं असतं: बुडाशी खडे आणि भरड वाळू, वर जाता जाता बारीक. भुज शैलसमूहाच्या वरच्या भागातल्या दगडात तुम्हाला हा दुसरा क्रम जास्त दिसेल.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी एकच दम देतो. एका थरासमोर उभं राहून निकाल द्यायचा नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढायचं, दर फुटाला काय बदललं ते लिहायचं, मग तोंड उघडायचं. एकटा वालुकाश्म काहीच बोलत नाही. तो कोणाच्या डोक्यावर बसला आहे आणि त्याच्या डोक्यावर कोण बसलं आहे, यावरून तो कळतो.

पण सगळे त्रिभुज प्रदेश सारखे नसतात, आणि इथं समुद्राची बाजू येते. नदीनं वाळू आणून दिली तरी ती मांडायची कशी हे नदी, लाटा आणि भरती-ओहोटी यांच्यातला वरचढ कोण यावर ठरतं. १९७५ मध्ये भूवैज्ञानिक गॅलोवे यांनी हे तीन कोन धरून जगातले त्रिभुज प्रदेश एका त्रिकोणात बसवले आणि ती मांडणी आजही वर्गात शिकवतात. मिसिसिपीच्या मुखाशी लाटा आणि भरती कमजोर आहेत, म्हणून नदी पक्ष्याच्या पंजासारखी बोटं समुद्रात खुपसते. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीच्या मुखाशी लाटा वाळूला किनाऱ्याला समांतर पसरून टाकतात, त्यामुळे किनारा गुळगुळीत आणि वाळूच्या वरंब्यांचा. गंगा-ब्रह्मपुत्रेत भरती जबर, म्हणून सुंदरबनात वाळूचे दांडे भरतीच्या दिशेनं लांबट होतात आणि खाड्यांचं जाळं पसरतं.

कोकणातल्या वाचकाला यातला प्रत्येक धडा घराबाहेर बघता येतो, फक्त त्रिभुज प्रदेश सोडून. आपल्याकडे सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड, उताराच्या, आणि त्यांची मुखं समुद्रानं आत शिरून खाड्या करून टाकली आहेत. आपली मोठी नदी त्र्यंबकेश्वराला उगम पावते आणि पाठ फिरवून पूर्वेला जाते. तिचा त्रिभुज प्रदेश आंध्रात आहे. आणि त्यातही एक गोम आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, गारगोटी जवळजवळ नाहीच. बेसाल्ट झिजला की चिकणमाती होते, पांढरी गार वाळू होत नाही. गोदावरीच्या मुखाशी जी गारगोटीची वाळू आहे तिचा बराच भाग वर्धा-वैनगंगा, इंद्रावतीच्या बाजूच्या ग्रॅनाइट-नाइसवरून आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जुन्या वालुकाश्मांतून आलेला. म्हणजे ती वाळू एकदा दगड होऊन, पुन्हा सुटी होऊन दुसऱ्यांदा प्रवासाला निघालेली आहे. कामठीच्या नावानं ओळखला जाणारा विदर्भातला वालुकाश्म मात्र नद्यांनीच घातलेला, त्यात समुद्राचा हात नाही. वालुकाश्म दिसला की किनारा, हेही समीकरण बरोबर नाही.

आता लाटांची सही, म्हणजे दगडात त्यांनी सोडलेली खूण. समुद्रावर, पुळणीवर, लाट वर चढते आणि परत जाते तेव्हा वाळू जवळजवळ सपाट, समुद्राकडे किंचित झुकलेल्या पातळ थरांत बसते. जड कण मागे राहतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या जड काळ्या खनिजाच्या रेघा याच चाळणीनं तयार होतात. दगडात अशाच गडद रेघा सपाट थरांत आल्या की मी तिथं जरा थांबतो. पाणी खोल झालं की वादळी लाटा तळ ढवळतात आणि वाळूत उशांसारखे उथळ फुगवटे-खोलगटे राहतात. हे फुगवटे रोजच्या लाटांनी मोडत नाहीत इतक्या खोलीवर पडलेले असतात, म्हणून त्यांचा अर्थ असा: हा थर एका वादळात बसला, आणि त्यावरचा चिखल पुढच्या कितीतरी शांत महिन्यांचा. वादळाची रात्र हातभर जाड आणि वर्षभराची शांतता बोटभर, असं दगडातलं काळाचं माप वाकडंतिकडं असतं.

भरतीची सही मात्र सगळ्यात देखणी. कोळ्याला विचारा, तो तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगेल. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पाण्याचा जोर पंधरवड्यात चढतो, उतरतो. खाडीच्या मुखाशी जोरदार भरती वाळूचा एक तिरपा थर पुढे ढकलते, मग पाणी वळायच्या वेळी क्षणभर थांबतं, तेव्हा चिखलाचा पापुद्रा बसतो. परतीचा प्रवाह कमजोर असेल तर तो वाळू फारशी हलवत नाही, आणि पुन्हा पाणी थांबलं की दुसरा पापुद्रा. म्हणजे एका भरतीची एक वाळूची पट्टी आणि तिला दोन बारीक काळ्या किनारी. उधाणात पट्टी जाड, भांगात पातळ. दिवसाला दोन भरत्या असतात, तेव्हा एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत साधारण अठ्ठावीस पट्ट्या. नेदरलँड्समधल्या तुलनेनं ताज्या वाळूत विसर यांनी १९८० मध्ये हे चक्र मोजून दाखवलं आणि तेव्हापासून जुन्या खडकांतही ते शोधणं सुरू झालं.

हे मी विद्यार्थ्यांना दगडात दाखवण्याआधी रायगडातल्या एका खाडीच्या मुखाशी नेतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत फावड्यानं गुडघाभर खोल चर खणायचा, एक बाजू खुरप्यानं तासून साफ करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. वाळू सुकू लागते तशी ती फिकी पडते, चिखलाच्या रेघा ओल्या राहून गडद दिसतात आणि भिंतीवर सगळा पंधरवडा उमटतो. एकदा गावातली एक आजी बराच वेळ आमच्याकडे बघत उभी होती. तिनं विचारलं, "काय रे बाबा, काय हरवलं काय तुमचं?" विद्यार्थ्यानं रेघा दाखवल्या तर वाकून बघत म्हणाली, "ही जाड असा ती पुनवेची असंल." आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तोवर ते जमलं नव्हतं.

घुनेरीच्या बाजूच्या तुमच्या हिरव्या दगडाकडे येऊ. भुज शैलसमूहाच्या मधोमध, पण फक्त कच्छच्या पश्चिम भागात, उक्रा नावाचा एक विभाग आहे. तिथला हिरवा रंग ग्लॉकोनाइट या खनिजाचा. ते उथळ समुद्राच्या तळावर, गाळ फार सावकाश साचत असताना, वाळूच्या कणांमध्ये तयार होतं. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी या ग्लॉकोनाइटचा बारकाईनं अभ्यास केला आहे. त्याच विभागात ॲमोनाइट या नामशेष समुद्री जीवांचे शंख मिळतात, आणि ॲमोनाइट नदीत राहत नसत. त्यांच्यावरूनच या भागाचं वय ॲप्शियन, म्हणजे सुमारे १२ कोटी वर्षांच्या आसपास, असं ठरवता आलं. तुम्ही पाहिलेल्या नळ्या म्हणजे बिळं. कोळंबीच्या जातकुळीतले जीव आजही किनाऱ्यालगतच्या वाळूत अशी बिळं करतात आणि वाळू ढासळू नये म्हणून चिखलाच्या गोळ्या भिंतीला थापतात. त्यामुळे बिळाचा बाहेरचा पृष्ठभाग मक्याच्या कणसासारखा दाणेदार दिसतो. पुढच्या वेळी गेलात तर नळीवर बोट फिरवून बघा. दाणे लागले तर ते ऑफिओमॉर्फा; अशा दाणेदार बिळांचं हे शास्त्रीय नाव.

मग भुजकडे असं समुद्री काही का दिसत नाही? कारण भुज त्या वेळी किनाऱ्यापासून आत, नदीच्या बाजूला होतं. तिथं टायलोफायलमसारख्या वनस्पतींची पानं मिळतात, चिकणमातीचे पांढरे थर मिळतात. लोहयुक्त काळपट थर पाण्यातलं लोह साचून, जमिनीखालच्या पाण्याच्या ये-जा करण्यानं घट्ट झालेले. ए. बी. विन यांनी १८७२ साली कच्छच्या भूविज्ञानावर ग्रंथ लिहिला तेव्हापासून या वनस्पतीवाल्या थरांचं आणि समुद्री थरांचं नातं काय, हा वाद चालत आला. ओएनजीसीचे एस. के. बिस्वास यांनी १९७७ मध्ये कच्छच्या शिलास्तरांची जी विभागणी मांडली तिनं हे चित्र बरंच स्वच्छ केलं. समुद्र एकदा पश्चिमेकडून आत आला, उक्राचा हिरवा थर टाकून परत गेला, आणि नदीनं त्याच्यावर पुन्हा वाळू ओतली.

"एवढा जाड" या तुमच्या शब्दाचं उत्तर अजून राहिलं. नदीच्या मुखाचा एक दांडा फार तर काही मीटर ते दहा-पंधरा मीटर जाड. भुज शैलसमूह शेकडो मीटर जाड आहे आणि तरी सगळीकडे पाणी उथळच, नाहीतर जमीनच. याचा अर्थ एकच: तळ खचत होता. वाळू येत होती, तळ तितकाच खाली जात होता, जागा मोकळी होत होती, वर पुन्हा वाळू. त्यातच त्रिभुज प्रदेशाची स्वतःची खोड असते. नदी एका बाजूनं गाळ टाकत टाकत मुख इतकं लांबवते की तिला दुसरीकडून समुद्र जवळचा वाटू लागतो आणि एखाद्या पुरात ती वाट बदलते. मिसिसिपीनं हे हजार-दीड हजार वर्षांच्या टप्प्यानं पुन्हा पुन्हा केलं. सोडून दिलेला भाग गाळाविना आपल्याच वजनानं दबतो, समुद्र त्यावर चढतो, लाटा वरची वाळू धुऊन वरंबे करतात, त्यावर चिखल बसतो. काही काळानं नदी फिरून येते आणि क्रम पहिल्यापासून. कच्छच्या टेकड्यांमध्ये शेल-वालुकाश्म, शेल-वालुकाश्म अशी आवर्तनं दिसतात ती अशीच. नदी पुन्हा वाट बदलते तेव्हा काय होतं हे डोळ्यांसमोर बघायचं असेल तर लुईझियानातला वॅक्स लेक त्रिभुज प्रदेश बघा. १९४१-४२ मध्ये पूरनियंत्रणासाठी एक कालवा खणला आणि १९७३ च्या पुरानंतर त्याच्या मुखाशी नवी जमीन पाण्याबाहेर आली. माणसानं एक चर खणला, बाकी सगळं नदीनं केलं.

सुटी वाळू दगड कशी झाली हे थोडक्यात सांगतो. वरच्या वजनानं कण दाबले जातात, कणांमधल्या पाण्यातून सिलिका, चुना किंवा लोह जमून त्यांना सांधतं. खूप खोल पुरलेला वालुकाश्म काचेसारखा कठीण होतो. भुजचा दगड फार खोल गेला नाही, म्हणून काही ठिकाणी तो बोटानं खरवडता येतो. दगडावर पाण्याचा थेंब टाका, शोषून घेतो. हीच त्याची किंमत. कच्छमध्ये विहिरी आणि बोअरवेलना पाणी देणारा मुख्य खडक हाच आहे. भुजच्या नळात एके काळी जे यायचं त्यातलं बरंचसं १२ कोटी वर्षं जुन्या वाळूच्या फटींत साठलेलं असायचं.

हीच पोकळी तेलालाही आवडते. एक गैरसमज दूर करून टाकू: मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडीत आहे, वाळूत नाही. पण अंकलेश्वरचं क्षेत्र, १९६० मध्ये सापडलेलं, ते मात्र जुन्या त्रिभुज प्रदेशाच्या वालुकाश्मातच. तिथं बसून नकाशे काढणारे लोक आजही हेच करतात जे मी तुम्हाला घळीत करायला सांगतोय. फरक एवढाच की ते टेकडी चढण्याऐवजी बोअरहोलमध्ये उतरवलेल्या उपकरणांच्या रेघा वाचतात आणि खालून वर कण भरड होतायत की बारीक, ते बघतात.

पुढच्या वेळी खारीच्या घळीत गेलात तर एक दहा रुपयांचं नाणं मापासाठी ठेवून फोटो काढा, पण सरळ समोरून, तिरपा नको. तिरप्या रेघांच्या तळाशी खडे आहेत का, दोन पट्ट्यांच्या मध्ये चिखलाचा पापुद्रा आहे का, आणि रेघा कधी उलट दिशेला झुकतात का, एवढं बघा. बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला झुकलेल्या सापडतील, तो नदीचा कारभार. एखाद्या थरात एकावर एक उलटसुलट झुकलेल्या दिसल्या, माशाच्या काट्यासारख्या, तर मला फोटो पाठवा. भुजच्या इतक्या जवळ भरती पोचली होती का, यावर आमच्यात अजून भांडणं होतात.